किंमत सांगणारे पान: व्हर्जिनियातील एका स्विमिंग पूल कंपनीचे प्रकरण

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व भागात वॉर्सा नावाचे एक छोटे गाव आहे. 2001 साली जिम स्पीस आणि जेसन ह्यूज या दोघांनी या परिसरात घरांच्या अंगणात स्विमिंग पूल बसवून देण्याचा व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच काळात मार्कस शेरिडन हे तिसरे भागीदार म्हणून त्यात आले. रिव्हर पूल्स अँड स्पाज या नावाची ही सुमारे वीस माणसांची कंपनी व्हर्जिनिया आणि मेरीलँड या दोन राज्यांपुरते काम करीत असे. गूगलवरील शोधातून लहान व्यवसायाला स्वतःचा नेमका ग्राहक कसा मिळू शकतो हे सांगताना या कंपनीचा दाखला वारंवार दिला जातो. तो बहुधा ‘जाहिरातीचा खर्च वाचला’ एवढ्यावरच आटोपतो. प्रत्यक्षात जाहिरातीच्या बचतीपेक्षा मोठी गोष्ट विक्रीच्या भेटींमध्ये घडली, आणि प्रस्तुत लेखनाचा भर त्यावर आहे.

प्रथम माल समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत जमिनीत बसवायचे घरगुती पूल तीन प्रकारचे असतात. काँक्रीटचा पूल जागेवरच बांधला जातो. त्याला हवा तो आकार आणि हवी ती खोली देता येते, मात्र कामाला अनेक आठवडे, कधीकधी महिने लागतात आणि काही वर्षांनी आतला पृष्ठभाग नव्याने करून घ्यावा लागतो. व्हाइनिल या प्लास्टिकचे अस्तर असलेला पूल सुरुवातीला स्वस्त पडतो, परंतु ते अस्तर ठरावीक वर्षांनी बदलावे लागते. फायबरग्लासचा पूल कारखान्यात एकसंध कवच म्हणून तयार होतो, ट्रकवरून आणला जातो आणि खणलेल्या खड्ड्यात क्रेनने किंवा खोदाई यंत्राने उतरवला जातो. त्यामुळे काम लवकर उरकते आणि देखभालही कमी लागते. परंतु रस्त्यावरून वाहून नेण्याच्या मर्यादेमुळे त्याची रुंदी साधारणपणे 16 फुटांच्या पुढे जात नाही, आणि साच्यांत जे आकार उपलब्ध असतील त्यांतूनच निवड करावी लागते.

रिव्हर पूल्सचा धंदा या तिसऱ्या प्रकाराचा होता. म्हणजे ग्राहक असा हवा की ज्याचे या दोन राज्यांत अंगण असलेले स्वतःचे घर आहे, ज्याची 50,000 डॉलरच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे, ज्याला पूल हवाच आहे, आणि जो काँक्रीट सोडून फायबरग्लासचा विचार करायला राजी आहे. अशी कुटुंबे दोन राज्यांभर विखुरलेली असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनी रेडिओ, दूरचित्रवाणी आणि दर क्लिकमागे पैसे मोजून मिळणारी इंटरनेटवरील जाहिरात या तिन्ही मार्गांवर वर्षाला सुमारे 2,50,000 डॉलर खर्च करीत होती. रेडिओवरची जाहिरात भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही ऐकू जाते आणि काँक्रीटचा पूल आधीच बांधून बसलेल्यालाही. पैसे मात्र सगळ्यांचे भरावे लागतात.

2008 च्या शरद ऋतूत अमेरिकेची वित्तव्यवस्था कोसळली. घराच्या किमतीच्या आधारावर कर्ज काढून पूल बांधण्याची तिकडे रीत होती. घरांचे भाव पडले तसे ते कर्ज आटले. न्यूयॉर्क टाइम्सने 2013 मध्ये घेतलेल्या मुलाखतीत शेरिडन यांनी त्या काळाची जी माहिती दिली त्यानुसार, महिन्याला सरासरी सहा कामे मिळत होती ती जेमतेम दोनवर आली, 50,000 डॉलरहून महागडे पूल ठरवलेल्या चार ग्राहकांनी इसार परत मागितला, आणि सलग तीन आठवडे कंपनीचे बँक खाते उणे राहिले. जाहिरातीचा खर्च एक दशांशावर आणण्यात आला. यामागे कोणतीही दूरदृष्टी नव्हती, खिशात पैसाच उरला नव्हता.

प्रश्नांची वही

2009 च्या सुरुवातीस शेरिडन यांनी जे केले ते वर्णन करताना फार साधे वाटते. कित्येक वर्षे ग्राहकांच्या घरी बसून, फोनवर, मेलमधून जे प्रश्न त्यांना विचारले गेले होते त्यांची त्यांनी यादी केली आणि रात्री घरी बसून एकेका प्रश्नाला एकेक लेख अशा रीतीने कंपनीच्या संकेतस्थळावर उत्तरे लिहायला सुरुवात केली. लेखाचा मथळा म्हणजे ग्राहकाच्या तोंडचा प्रश्नच असे.

यातला पहिला गाजलेला लेख किमतीवरचा होता: फायबरग्लासच्या पूलला किती खर्च येतो? ग्राहक हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो. तरीही त्या काळी या धंद्यातील कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्याचे उत्तर जवळजवळ कुठेच नव्हते. शेरिडन यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यामागे तीन ठरलेली कारणे दिली जात: प्रत्येक काम वेगळे असते म्हणून किंमत सांगता येत नाही, सांगितली तर प्रतिस्पर्ध्याला कळते, आणि आकडा पाहून ग्राहक बिचकतो. कोणत्याही धंद्यातल्या माणसाला ही कारणे ऐकल्यासारखी वाटतील. यांतील दुसरे कारण तर मुळातच पोकळ आहे, कारण एकाच भागात काम करणाऱ्या स्पर्धकांना एकमेकांचे भाव साधारणपणे ठाऊकच असतात. अंधारात राहतो तो ग्राहक.

लेखातही एक ठाम आकडा नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. पूलचा आकार, खोदाईची जागा, भोवतीची फरसबंदी, तापवण्याची सोय, आच्छादन, कुंपण यांपैकी कशाने किंमत किती वर जाते, कोणत्या कामाला साधारण कोणता पल्ला धरावा, स्वस्तात सांगितलेल्या किमतीत काय धरलेले नसते, असे त्याचे स्वरूप होते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणीच तयार नाही त्याला धरून लिहिलेले ते जवळजवळ एकमेव सविस्तर पान होते, आणि गूगलने ते वर आणले. न्यूयॉर्क टाइम्सच्या त्याच मुलाखतीत शेरिडन यांनी त्या एका लेखाचा माग काढून किमान 17 लाख डॉलरची विक्री त्याच्याशी जोडता येते असे सांगितले.

शोधाच्या दृष्टीने हे का घडले हे समजण्यासाठी शोधणाऱ्याच्या जागी जाऊन पाहावे. नुसते ‘स्विमिंग पूल’ असे टाइप करणाऱ्यांत गावातला सार्वजनिक तलाव शोधणारा असतो, मुलांसाठी हवा भरायचा पूल घेणारा असतो, पाण्यात टाकायचे क्लोरीन मागवणारा असतो. या शब्दावर जाहिरातीची बोली लावणारे पुष्कळ, आणि त्यातून हाती लागणारा खरा ग्राहक थोडा. ‘फायबरग्लासच्या पूलला किती खर्च येतो’ असे टाइप करणारे त्यांच्या तुलनेत फारच थोडे असतात. परंतु इतके शब्द कोणी सहज म्हणून टाइप करीत नाही. प्रकार ठरला आहे, आता पैशाचा हिशेब चालू आहे, हे त्या प्रश्नातच लिहिलेले असते. 2004 साली वायर्ड मासिकातील लेखात क्रिस अँडरसन यांनी विक्रीच्या ज्या ‘लांब शेपटी’ची कल्पना मांडली होती, ती शोधाच्या व्यवहारालाही लागू पडते: मोजके शब्द सगळेच वापरतात आणि त्यांवर मोठ्यांची मक्तेदारी असते, पण लांबलचक, नेमके, क्वचित विचारले जाणारे असंख्य प्रश्न मोकळे पडलेले असतात. एका पूलमागे 50,000 डॉलर मिळणाऱ्या कंपनीला महिन्याला हजारो वाचकांची गरज नसते, योग्य दहा पुरतात.

स्वतःच्या मालाचे दोष

किमतीनंतरचे लेख धाडसी होते. फायबरग्लासच्या पूलमध्ये कोणत्या अडचणी येतात यावर कंपनीने स्वतः लिहिले. 16 फुटांहून रुंद पूल हवा असेल, फार खोल पाणी हवे असेल, किंवा जागेप्रमाणे मनाजोगता आकार हवा असेल, तर फायबरग्लास तुमच्यासाठी नाही, असे सरळ सांगितले. काँक्रीट, व्हाइनिल आणि फायबरग्लास यांची तुलना करताना इतर दोघांचे गुणही मांडले. त्यापुढे जाऊन, व्हर्जिनियातील रिचमंड परिसरातील चांगल्या पूल-ठेकेदारांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली आणि त्या यादीत स्वतःचे नाव घातले नाही.

या शेवटच्या लेखाचा शोधावर झालेला परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. आता जो कोणी एखाद्या स्पर्धकाचे नाव आणि त्यापुढे ‘अभिप्राय’ असे शोधत असे, त्याच्यासमोर रिव्हर पूल्सचे पान येऊ लागले. व्यवहार पक्का करण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीची चौकशी करणारा ग्राहक असा आयता यांच्या अंगणात येऊन पोहोचला. यात चतुराई आहे हे उघड आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण यादीत स्पर्धकांविषयी खोटे काही लिहिलेले असते तर हाच लेख अंगाशी आला असता.

दोष सांगण्याचा दुसरा परिणाम शोधयंत्रात दिसत नाही. ज्याला 20 फूट रुंदीचा पूल हवा आहे तो लेख वाचून निघून जातो. त्याच्या घरी कोणालाही जावे लागत नाही.

भेटींचा हिशेब

घरी जाऊन अंगण पाहणे, मापे घेणे, नवरा-बायको दोघांनाही समजावून सांगणे, अंदाजपत्रक देणे, यात विक्रेत्याची अख्खी संध्याकाळ आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंचा लांबचा प्रवास जातो. शेरिडन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार 2007 मध्ये 75 पूल विकण्यासाठी सुमारे 250 भेटी द्याव्या लागल्या. पुढे, 2013 च्या मुलाखतीच्या सुमारास, वर्षभरात 95 पूल विकले गेले ते सुमारे 120 भेटींत. म्हणजे आधी दर दहा भेटींतून तीन कामे पक्की होत होती, नंतर जवळजवळ आठ. विक्री वीसने वाढली आणि भेटी 130 ने घटल्या. लहान कंपनीत विक्री करणारी माणसे दोन किंवा तीन असतात आणि त्यांच्यापैकी एक बहुधा मालकच असतो. त्या सर्वांच्या मिळून वर्षातल्या 130 संध्याकाळी मोकळ्या होणे याची किंमत जाहिरातीच्या रकान्यात कोठेच दिसत नाही.

हा बदल आपोआप झाला नाही. भेट ठरवताना कंपनी ग्राहकाला आधी अमुक लेख वाचा, तमुक व्हिडिओ पाहा, असे सांगू लागली, आणि जो वाचायला तयार नाही त्याच्याकडे जाण्याची घाई करणे सोडून दिले. संकेतस्थळावर कोण किती पाने वाचतो हे मोजण्यासाठी हबस्पॉट या कंपनीची प्रणाली वापरली जात होती. तिच्या नोंदींवरून शेरिडन यांनी सांगितले की ज्याने 30 पाने वाचली असतील तो भेटीनंतर 80 टक्के वेळा खरेदी करतो. 30 पाने वाचणारा माणूस आधीपासूनच निश्चयी असतो, त्यामुळे वाचनाने खरेदी घडली की खरेदीच्या इच्छेने वाचन, हे या आकड्यावरून ठरवता येणार नाही. विक्रेत्याला मात्र ते ठरवण्याची गरजही नव्हती. उद्याच्या तीन भेटींपैकी कोणत्या घरी आधी जायचे, एवढे त्याला कळले तरी काम भागत होते.

खर्चाच्या बाजूला, 2007 मध्ये सुमारे 40 लाख डॉलरच्या विक्रीसाठी 2,50,000 डॉलरची जाहिरात झाली होती. 2011 मध्ये सुमारे 45 लाखांच्या विक्रीसाठी 20,000 डॉलर पुरले. तोही मंदी पुरती न सरलेला काळ होता.

आकडे किती मानावेत

हे सर्व आकडे कंपनीच्या मालकाने सांगितलेले आहेत, आणि तोच मालक पुढे याच अनुभवाच्या जोरावर व्याख्याने देणारा व सल्ला देणारा म्हणून प्रसिद्ध झाला. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण ते वाचताना हे ध्यानात असावे. 20,000 डॉलरच्या खर्चात मालकाच्या रात्री धरलेल्या नाहीत. असे लेख बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतले असते तर हिशेब बराच वेगळा दिसला असता, आणि लेखही बहुधा वेगळे झाले असते. जागेवर खोदाई करताना मध्येच खडक लागला तर काय होते, हे ज्याने खड्डा पाहिला आहे त्यालाच लिहिता येते. एका लेखाशी जोडलेले 17 लाखही सावधपणे घ्यावेत. ग्राहक प्रथम त्या पानावरून आला एवढेच नोंद सांगते. ते पान नसते तर तो दुसऱ्या कोणत्या मार्गाने आलाच नसता असे ती सांगत नाही. शिवाय मंदीत अनेक लहान ठेकेदारांची कामे थंडावली होती, त्यामुळे उरलेल्या ग्राहकांतील मोठा वाटा टिकून राहिलेल्यांकडे जाणारच होता.

एक गोष्ट आरंभी नुकसानीची वाटत होती. संकेतस्थळ व्हर्जिनियाचे असले तरी लेख वाचणारे देशभरचे होते. टेक्सासमधल्या कुटुंबाने शंभर पाने वाचली तरी रिव्हर पूल्सला त्याचा पूल बसवता येत नव्हता. पुढे कंपनीने स्वतः फायबरग्लासची कवचे तयार करण्यास सुरुवात केली आणि इतर राज्यांतील ठेकेदारांना आपल्या नावाखाली काम करण्याचे हक्क देणारी फ्रँचायझी पद्धत आणली. ठेकेदारासाठी जो वाचकवर्ग निरुपयोगी होता तोच उत्पादकासाठी तयार बाजारपेठ ठरला. हे पहिल्या दिवसापासून ठरवलेले होते असे म्हणणे घटनेनंतरचे शहाणपण होईल, पण वाचक आधी जमले आणि कारखाना नंतर आला हा क्रम खरा आहे.

हापूसच्या बाजूने पाहता

याच चौकटीतून कोकणातल्या आंबा बागायतदाराकडे पाहिले तर पहिली गोष्ट ओळखीची निघते. समाजमाध्यमांवर आंब्याच्या पेटीचे सुंदर छायाचित्र असते आणि खाली लिहिलेले असते: ‘भावासाठी मेसेज करा’. पूलवाल्यांची तीन कारणे इथेही जशीच्या तशी लागू केली जातात. भाव रोज बदलतो हे खरेच आहे, पण फळाच्या वजनाप्रमाणे भाव कसा ठरतो, हंगामाच्या सुरुवातीला पेटी महाग का असते आणि मे महिन्यात ती का उतरते, पाठवणीचा खर्च त्यात धरला आहे की नाही, हे लिहायला रोजचा भाव लागत नाही.

दोषांच्या बाबतीत तर साम्य आणखी जवळचे आहे. हापूसमध्ये साका होतो. बाहेरून निर्दोष दिसणारे, सुवासिक फळ कापले की आत पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर निघतो, आणि सालीवरून ते आधी ओळखता येत नाही. पुण्यातल्या किंवा दुबईतल्या ग्राहकाने महागाची पेटी घेतली आणि त्यातली दोन फळे अशी निघाली तर त्याचा पहिला संशय फसवणुकीचा असतो. साका म्हणजे काय, तो कशाने होतो, पेटीत अशी फळे निघाली तर आपण काय भरपाई देतो, हे पान जो बागायतदार स्वतः लिहील, त्याच्याकडे तो चिडलेला ग्राहक शोध घेत पुढच्या वर्षी येण्याची शक्यता आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे कर्नाटकातला आंबा आणि कोकणातला हापूस यांतला फरक, कार्बाइडने पिकवलेले फळ आणि गवतात पिकवलेले फळ यांतला फरक, या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी आधारही आहे. हे प्रश्न लोक मराठीत विचारतात आणि रोमन लिपीत मराठी टाइप करूनही विचारतात, हे मथळा लिहिताना लक्षात घ्यावे लागते.

फरकही मोठे आहेत. पूल एकदा घेतला की संपले. आंब्याचा ग्राहक दर वर्षी परत येऊ शकतो, पण एका पेटीतली कमाई पूलच्या मानाने किरकोळ असते. त्यामुळे एका ग्राहकावर किती वेळ खर्च करायचा याचे गणित पाच-सात हंगामांचे मांडावे लागते. शिवाय 2009 ची मोकळी जागा आता राहिलेली नाही. गूगलने 2011 मध्ये पांडा नावाच्या बदलाने पोकळ, भरताडीची पाने खाली ढकलली ते चांगलेच झाले. पण 2024 पासून अनेक प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शोधाच्या निकालातच वरती लिहून येऊ लागली आहेत, आणि ‘साका म्हणजे काय’ एवढेच विचारणारा बागायतदाराच्या पानापर्यंत येईलच असे नाही. ‘साका निघाल्यास फळ बदलून देणारे देवगडचे बागायतदार’ असे विचारणारा मात्र अजूनही कोणाच्या तरी दारात यावा लागतो, कारण ते उत्तर एखाद्या विशिष्ट माणसाच्या शब्दावर अवलंबून असते. रिव्हर पूल्सनेही लेखांवर न थांबता, ग्राहकाने आपल्या गरजा भरल्या की खर्चाचा अंदाज देणारे साधन संकेतस्थळावर ठेवले आहे.

वेळापत्रकाची अडचण राहते. नवे पान गूगलवर वर यायला बहुतेकदा काही महिने लागतात, त्यामुळे फेब्रुवारीत पहिली पेटी बाजारात जाताना लिहायला बसलेल्याला त्या हंगामात फारसा उपयोग होत नाही, आणि मार्च ते मे या काळात बागेत काढणी, वर्गवारी आणि पॅकिंग चालू असताना त्याला लिहायला सवडही नसते. ही पाने लिहिण्याचा काळ पावसाळ्याचा आहे, तेव्हा गेल्या हंगामातले ग्राहकांचे व्हॉट्सअॅपवरचे सगळे प्रश्न, तक्रारींसह, अजून फोनमध्येच असतात.